सांडव्याखाली

आमच्या घरात मासा टोपलीने मोजतात.
बाबा रापणीवर, काका ट्रॉलरवर.
एकेक मासा धरणारा मी पहिलाच,
आणि धरून सोडणारा तर
अख्ख्या वाडीत पहिला.

"सोडून दिलंस? मगे धरलंस कित्याक?"
आई विचारते, बांगड्याच्या तिकल्यात
तिरफळं टाकता टाकता,
आणि उत्तरासाठी थांबत नाही.

कातणखोलचा पाझर तलाव. मार्चातलं पाणी
जांभ्यावर आपली जुनी रेघ सोडून खाली सरकलेलं.
तण खायला सोसायटीने सोडलेले गवत्ये मासे
काठाशी चरतात, पाण्यातले बैल.
वारा नसताना एखादं पातं हललं
की समजायचं, आहे.

गळाला शिंप्याकडची हिरवी लोकर,
वर कोंबड्याच्या मानेचं पीस.
याला माशी म्हणतात, पण ही माशी नव्हे,
कुणीतरी विळ्याने कापलेलं पातं आहे.
तसंच पडलं पाहिजे पाण्यावर, बिनवजनाचं.
दोरी मागे जाते, सरळ होईपर्यंत थांबायचं.
करवंदीत अडकली तर शिवी गिळायची,
कारण गवत्याला पाऊल ऐकू येतं,
खोकला ऐकू येतो,
मला तर वाटतं, घाईसुद्धा.

पावतीच्या मागे नियम, फिकट शाईत:
गळाचा उलटा काटा दाबून टाकावा.
तलावातला गवत्या तलावातच सोडावा, जिवंत.
तलावाबाहेर मिळाल्यास वहाळात सोडू नये,
सोसायटीस कळवावे.
परवानगीशिवाय जिवंत मासा हलवू नये.

शेवटच्या दोन ओळी मी त्या दिवशी वाचल्या.

सांडव्याखालच्या कोंडीत पाय धुवायला उतरलो होतो.
वरून उंबर पडत होतं. टुपुक.
थोड्या वेळाने पुन्हा टुपुक,
आणि एक जाड ओठ वर आला, फळ घेऊन गेला.
गेल्या पावसात बांधावरून आलेला असणार.
हिरवी लोकर काढली, तांबडा गोंडा बांधला.
हात थरथरत होते, गाठ तिसऱ्यांदा बसली.

मग वीस मिनिटं. त्यातलं सांगण्यासारखं एवढंच
की अंगठा भाजला.

खवले कसे, मंगलोरी कौलांसारखे,
एकावर एक, यंदाच शाकारलेले.

बांध तिथून बत्तीस पावलं.
त्या बाजूला हा कामगार,
या बाजूला घुसखोर.
बघायला कुणी नव्हतं. एक खंड्या होता,
त्याच्याकडेही पावती नव्हती.

फोन लावला. सचिव राऊळबाई म्हणाल्या,
"पाण्यातच धरून ठेवा. वर काढू नका. येते."

एक हात शेपटीच्या बुडाशी, एक पोटाखाली,
तोंड धारेकडे.
कल्ले उघडत होते, मिटत होते.
पायांच्या पोटऱ्या आधी दुखल्या, मग गेल्याच.
बाबांनी जन्मभर मासे काढले,
इतका वेळ एकही हातात धरला नसेल.
तो मध्येच कलायचा, माझ्या मनगटावर,
बसमध्ये झोप लागलेल्या अनोळखी माणसासारखा.

स्कूटरच्या पायाशी निळं पिंप घेऊन बाई आल्या.
प्लास्टिकात गुंडाळलेली वही काढली.
लांबी, वेळ. स्थळ: सांडव्याखाली.
बांधाकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं,
"हलवण्यास परवानगी" असं लिहून सही केली,
आणि सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली.

पिंप दोघांनी उचललं. पाणी हिंदकळून
बाईंच्या ओढणीवर.
बत्तीस नव्हती, एकेचाळीस भरली पावलं, चढाची.

पाण्यात सोडल्यावर तो हलेना.
बाई कुजबुजल्या, "जा रे."
मग पुढचं गवत हललं, मग त्याच्या पुढचं.

घरी आईने विचारलं, काय गावला?
मी पावती दिली. तिने चष्मा लावून वाचली,
उलटी करून मागचंही वाचलं,
बाबांच्या होडीचे कागद ज्या पिशवीत असतात
त्या पिशवीत ठेवली.

चुलीकडे वळली आणि म्हणाली,
"तेच्यात गाबोळी होती काय रे?"